नाजूक पोटाच्या लहान कुत्रीला कच्च्या मांसावर आणावे का?

अबोली_ठाणे | ९ जून

आमच्याकडे चिंगी नावाची चार वर्षांची स्पिट्झ कुत्री आहे. घरी आली तेव्हा ती पॉमेरियन म्हणून आली होती. पुढे कळले की आपल्याकडे ज्यांना पॉमेरियन म्हणतात त्यांतले बरेचसे भारतीय स्पिट्झच असतात. वजन ५ किलो, नसबंदी झालेली, लसी वेळच्या वेळी दिलेल्या. गेल्या वर्षभरापासून तिचे पोट काही ठिकाणावर नाही. दर दहा-बारा दिवसांनी शेंबासारखा चिकट भाग मिसळलेली पातळ शी होते, पोटातली गुरगुर बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू येते आणि आठवड्यातून दोनदा तरी पहाटे पाचच्या सुमारास ती पिवळा फेस ओकते. ओकून झाले की तिचे तिलाच बरे वाटत असावे, कारण पुढच्या दहा मिनिटांत ती दुधाच्या पातेल्यापाशी हजर असते.

पाच महिन्यांत आम्ही तीन प्रकारचे कोरडे खाद्य बदलून पाहिले. दोनदा औषधांचा कोर्स झाला. औषध चालू असेपर्यंत शी घट्ट असते आणि ते थांबले की पहिले पाढे पंचावन्न. आमच्या संकुलातल्या एका मैत्रिणीचा लॅब्राडोर दोन वर्षांपासून कच्च्या मांसावर आहे आणि त्याची तब्येत पाहून कोणालाही हेवा वाटेल. तिचा आग्रह आहे की एक दिवस उपास घडवून दुसऱ्या दिवसापासून चिंगीला सरळ कच्च्या कोंबडीवर आणावे, मध्ये कोरडे खाद्य अजिबात मिसळू नये. कोपऱ्यावरच्या कोंबडीवाल्यानेही माना आणि पाय आमच्यासाठी बाजूला ठेवायची तयारी दाखवली आहे.

घरातली अडचण सासूबाईंची आहे. त्यांचे वय ७४. त्या मांसाहार करतात, पण कुत्रीसाठी रोज दोन वेळा ओट्यावर कच्चे मांस येणे त्यांना मान्य नाही आणि श्रावणात तर विषयच काढू नये असे त्यांचे म्हणणे आहे. ज्यांनी लहान कुत्र्यावर हा प्रयोग स्वतः केला आहे त्यांचे अनुभव ऐकायला आवडतील.

तिरफळ | ९ जून

मी फोंड्याला राहतो. माझ्याकडे दोन डॅशहुंड आहेत आणि दोघेही सहा वर्षांपासून कच्च्या आहारावर आहेत, म्हणून लिहितो.

या पद्धतीचा प्रसार ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ पासून केला. तिचे प्रचलित प्रमाण असे आहे: ७० टक्के मांस, १० टक्के खाता येण्याजोगी कच्ची हाडे, ५ टक्के कलेजी, ५ टक्के मूत्रपिंडासारखा दुसरा एखादा अवयव आणि उरलेल्या १० टक्क्यांत भाज्या वगैरे. कलेजी आवडते म्हणून वाढवू नये, कारण तिच्यातले अ जीवनसत्त्व शरीरात साठत जाते. हे प्रमाण रोज काटेकोर जमायलाच हवे असे नाही, पण आठवड्याच्या हिशेबात ते जमले पाहिजे. नुसत्या कोंबडीच्या माना आणि पाय म्हणजे कच्चा आहार नव्हे, हे तुमच्या मैत्रिणीला सांगायला हरकत नाही.

माझ्या मादीचे पोटही नाजूक होते. तिला मी एका दिवसात नव्हे, पाच आठवड्यांत बदलले. पहिला आठवडा फक्त चमचाभर म्हशीच्या मांसाचा बारीक खिमा, तोही जुन्या जेवणाच्या कडेला. चरबी आणि कातडी पूर्ण काढलेली. शी दोन दिवस घट्ट राहिली तरच पुढचा चमचा. हाडे तिसऱ्या आठवड्यात आणि तीही यंत्रातून दळून, कारण डॅशहुंड चावत नाही, गिळतो. कलेजी सगळ्यात शेवटी, बोराएवढी. शी पांढरी, खडूसारखी भुसभुशीत झाली तर हाडे जास्त झाली आणि काळसर, चिकट झाली तर अवयव जास्त झाले, एवढे पाहायला शिकलात तर निम्मे काम होते.

इंटरनेटवरच्या पाककृतींत जिथे तिथे बीफ लिहिलेले असते. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी असल्याने तुम्हाला म्हशीचेच मांस मिळेल. ते चालते, किंबहुना त्यात चरबी कमी असल्याने नाजूक पोटाला बरे पडते.

माळावरचा_दगड | १० जून

आमच्या पगला डॉक्टरांना न विचारता कच्च्या कोंबडीवर आणले होते. कातडीसकट देत होतो, कारण ती त्याला आवडायची. अकराव्या दिवशी त्याने पाठीची कमान केली, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर ठेवून तो तासभर तसाच उभा होता. स्वादुपिंडाला सूज निघाली. चार दिवस सलाइन लावावे लागले. कोंबडी कच्ची होती म्हणून असे झाले की कातडीतल्या चरबीमुळे, हे मी सांगू शकत नाही. डॉक्टरांचा रोख चरबीवर होता. एवढेच लिहायचे होते.

दवाखाना_बंद | १० जून

तीस वर्षे पशुवैद्यक म्हणून काम करून मी निवृत्त झालो आहे. परळच्या ज्या दवाखान्याला मुंबईकर अजूनही बैलघोडा म्हणतात तिथे माझे शिक्षण झाले, त्यामुळे पोट बिघडलेली कुत्री मी बऱ्यापैकी पाहिली आहेत.

अबोलीताई, तुमच्या संपूर्ण लेखात मला एक वाक्य सापडले नाही, ते म्हणजे शी तपासल्याचे. आहार बदलण्याआधी हे पोट मुळात का बिघडते आहे याचा शोध घ्या. दर काही दिवसांनी चिकट शी, औषधाने तात्पुरता आराम आणि पुन्हा तेच, हे चित्र जिआर्डियासारख्या एकपेशीय परजीवीचे असू शकते, चाबूककृमींचे असू शकते, आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे असू शकते आणि अन्नाच्या अ‍ॅलर्जीचेही असू शकते. जिआर्डिया एका नमुन्यात हमखास सापडतोच असे नाही, म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या दिवसांची ताजी शी द्यावी. त्यासोबत रक्ततपासणी, त्यात स्वादुपिंडासाठीची चाचणी आणि आपल्या हवेत गोचीडतापाची चाचणीही करून घ्यावी.

दुसरे म्हणजे, पहाटे पिवळा फेस ओकणे हे बहुतेक वेळा रिकाम्या पोटाचे लक्षण असते. रात्रीचे जेवण आठला आणि सकाळचे नऊला असेल तर मधल्या तेरा तासांत पित्त जठरात येते आणि त्याने जठर चाळवते. रात्री झोपताना तिच्या रोजच्याच खाद्यातले चमचाभर बाजूला काढून देऊन पाहा. ज्या कुत्रीला रिकामे पोट सोसत नाही तिला बदलासाठी दिवसभराचा उपास घडवणे हा उलटा उपचार झाला. लहान चणीच्या कुत्र्यांत, पिलांत तर विशेषच, लांबलेल्या उपासाने रक्तातली साखर उतरू शकते. लॅब्राडोरला जे खपते ते यांना खपत नाही.

तिसरे, पाच महिन्यांत तीन खाद्ये बदलणे हेच मुळात एखाद्या धडधाकट कुत्र्याचेही पोट बिघडवायला पुरेसे आहे.

अबोली_ठाणे | १० जून

डॉक्टर, तुमचे बरोबर आहे, शी कधीच तपासलेली नाही. उद्याच नमुना देते. रात्रीच्या जेवणाचीही वेळ तुम्ही लिहिली तीच आहे.

आणखी एक गोष्ट काल रात्री उघडकीला आली. सासूबाई रोज चारच्या चहाला चिंगीला दुधात बुडवलेली दोन बिस्किटे देतात. मी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "ते काय खाणं आहे का?" पाच महिन्यांत कोणत्याच डॉक्टरांना आम्ही हे सांगितलेले नाही, कारण आम्हालाही ते खाणे वाटले नव्हते.

यारेकाठी | ११ जून

मी मेलबर्नला राहते. इथे कच्चा आहार ही काही जगावेगळी गोष्ट नाही. सुपरमार्केटच्या शीतकपाटात कुत्र्यांसाठीचा खिमा माणसांच्या खिम्यापासून चार पावलांवर मिळतो आणि कोंबडीच्या माना देणे हे पिढ्यानपिढ्या चालत आलेले आहे. म्हणूनच इथल्या मेलबर्न विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेले संशोधन तुम्ही विचारात घ्यावे असे वाटते.

कुत्र्यांमध्ये एक पक्षाघातासारखा आजार होतो. मागचे पाय आधी लुळे पडतात, मग पुढचे, आवाज बदलतो आणि क्वचित श्वासाचे स्नायूही थांबतात. माणसांतल्या गियाँ-बारे आजाराशी त्याचे साम्य आहे. या संशोधकांनी असा आजार झालेली २७ कुत्री आणि ४७ निरोगी कुत्री यांची तुलना केली, तेव्हा आजारी कुत्र्यांच्या शीमध्ये कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडण्याची शक्यता ९.४ पट निघाली आणि या जिवाणूचा मुख्य मार्ग कच्ची कोंबडी असावा असा त्यांचा निष्कर्ष होता. लहान जातींच्या कुत्र्यांबद्दल त्यांनी विशेष सावध केले होते, कारण मोठे तुकडे झेपत नाहीत म्हणून त्यांना मानाच जास्त दिल्या जातात. हा आजार विरळ आहे आणि बहुतेक कुत्री त्यातून बरी होतात, पण त्याला सहा महिन्यांहूनही अधिक काळ लागू शकतो. माझ्या शेजारणीच्या माल्टीजला तो झाला होता. ती रोज सकाळी त्याला टॉवेलच्या झोळीत उचलून अंगणात नेत असे.

इथे आणखी एक खाचखळगा आहे. प्राण्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मांसात रंग टिकावा म्हणून सल्फाइट घातलेले असू शकते. सल्फाइटमुळे थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्व नष्ट होते. काही जातींच्या कच्च्या माशांतही थायमिन मोडणारे विकर (एन्झाइम) असते, ते शिजवल्यावर निष्प्रभ होते. म्हणून तारल्या-बांगडे द्यायचे असले तर मी ते उकडूनच देते.

गोरखचिंच | ११ जून

कुत्रा हा मूळचा लांडगाच ना? मग लांडगा कुठे शिजवून खातो? इतकी वर्षे रानात जगलेल्या प्राण्याला आपण दाणे चारायला लागलो तेव्हापासूनच ही पोटे बिघडली असे माझे साधे मत आहे.

हिशेबनीस | ११ जून

गोरखचिंच, या मताची तपासणी झालेली आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली 'नेचर'मध्ये दाखवले की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यांमध्ये साधारणपणे दोन प्रती असतात, तर कुत्र्यांमध्ये ४ पासून ३० पर्यंत. म्हणजे माणसाच्या उकिरड्याशेजारी राहता राहता कुत्रा भाकरी पचवायला शिकला. आपल्या वाडीवस्तीवरची कुत्री ताक-भाकरीवर कशी जगली याचे उत्तर तिथे आहे. दाणे वाईट असतील तर त्याची कारणे दुसरी शोधावी लागतील. पिष्ट हे कारण पुरेसे नाही.

माझा मुद्दा मात्र वेगळा आहे आणि तो आकड्यांचा आहे. कच्च्या आहाराच्या बहुतेक पानांवर वजनाच्या २ ते ३ टक्के मांस द्या असे लिहिलेले असते. ५ किलोच्या कुत्रीला २.५ टक्के म्हणजे १२५ ग्रॅम. कातडी काढलेल्या कोंबडीच्या १०० ग्रॅम मांसात साधारण १२० किलोकॅलरी असतात, म्हणजे दिवसाला १५० झाल्या. आता विश्रांतीतल्या ऊर्जेचे सूत्र घ्या: वजनाचा ०.७५ वा घात गुणिले ७०. पाच किलोला ते दिवसाला २३४ किलोकॅलरी येते. घरात फिरणाऱ्या, नसबंदी झालेल्या कुत्रीला त्याच्या १.४ ते १.६ पट लागतात, म्हणजे ३३० ते ३७५. टक्क्यांचा नियम पाळणारी व्यक्ती आपल्या लहान कुत्रीला निम्म्याहून कमी अन्न देत असते आणि तिला वाटते की तब्येत सडसडीत झाली. जितके शरीर लहान तितकी किलोमागे ऊर्जा जास्त लागते, म्हणून लॅब्राडोरचा टक्का स्पिट्झला लावता येत नाही.

ही तूट चरबीने भरून काढायची म्हटले तर माळावरचा_दगड यांच्या पगचे उदाहरण वर आहेच. नाजूक पोटाच्या लहान कुत्र्याला कच्च्या मांसावर आणणे अवघड जाते ते इथे: चरबी वाढवावी तर स्वादुपिंड आणि न वाढवावी तर उपासमार.

तिरफळ | ११ जून

हिशेबनीस, हिशेब मान्य आहे. मी पहिल्या महिन्यात हीच चूक केली होती. मादीच्या बरगड्या हाताला लागू लागल्या तेव्हा प्रमाण वाढवले. आज ती वजनाच्या जवळजवळ ५ टक्के खाते. माझे म्हणणे इतकेच की चूक दुरुस्त करता येते.

जिवाणूंबद्दल मात्र मला थोडे बोलायचे आहे. कुत्र्याचे जठराम्ल तीव्र असते आणि निरोगी कुत्रा साल्मोनेला पोटात असूनही आजारी पडत नाही. सहा वर्षांत माझ्याकडे कोणी आजारी पडलेले नाही. मांस मी पंधरा दिवस गोठवून मग देतो. कच्च्या आहाराला विरोध करणाऱ्या पशुवैद्यक संस्थांच्या परिषदांना खाद्य कंपन्यांचा पैसा असतो हेही विसरू नये.

दवाखाना_बंद | १२ जून

तिरफळ, तुमच्यासारखी काळजी घेणारी माणसे माझ्याकडे आली असती तर मी त्यांच्याशी वाद घातला नसता. पैशांचा मुद्दाही अगदीच निराधार नाही. पण कोणी म्हटले यापेक्षा काय म्हटले ते पाहू. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेने २०१२ साली कच्च्या मांसाविरुद्ध भूमिका घेतली ती मुख्यतः माणसांच्या काळजीने. तुम्ही स्वतःच लिहिले आहे की कुत्रा आजारी न पडता साल्मोनेला बाळगतो. तो शीतून, तोंडातून आणि अंगावरून घरभर पसरवतोही. कुत्र्याला काही झाले नाही म्हणजे घरात काही झाले नाही असे होत नाही.

गोठवण्याबद्दल एक मोठा गैरसमज आहे. उणे २० अंशांना आठवडा-दहा दिवस ठेवल्याने बरेचसे परजीवी आणि त्यांची गळवे मरतात. जिवाणू मरत नाहीत, ते फक्त झोपतात. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा दिवसातून वीस वेळा उघडला जातो, मध्ये वीज जाते, तिथे उणे २० टिकतेच असे धरून चालू नका.

आपल्याकडे मला जिवाणूंपेक्षाही एका कृमीची भीती जास्त वाटते. शेळ्या-मेंढ्यांच्या, म्हशींच्या कलेजीत आणि फुप्फुसात पाण्याने भरलेली पांढरी गळवे असतात, खाटीक ती कापून कुत्र्यापुढे टाकतो. त्यात एकायनोकॉकस या पट्टकृमीच्या अळ्या असतात. कुत्र्याच्या आतड्यात त्यांचे कृमी होतात, कुत्र्याला काडीचाही त्रास होत नाही, पण शीतून पडणारी अंडी माणसाच्या पोटात गेली तर काही वर्षांनी यकृतात नारळाएवढे गळू निघते. कच्चे अवयव देणाऱ्या प्रत्येकाने प्राझिक्वाँटेल असलेले जंताचे औषध डॉक्टरांना विचारून ठरावीक अंतराने दिलेच पाहिजे. बाजारातली नेहमीची प्रत्येक जंताची गोळी यावर चालत नाही.

आणि कोंबडीबद्दल. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि त्यांच्या नमुन्यांत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला. खायला दिलेल्या कोंबडीतून तो आल्याचा संशय होता. मांजरकुळाला हा विषाणू जितका घातक तितका कुत्र्यांना नाही, तरीही परिसरात पक्षी मरत असल्याच्या बातम्या असताना कच्ची कोंबडी घरात आणू नये.

अबोलीताई, एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. सासूबाईंना कोणती औषधे चालू आहेत?

अबोली_ठाणे | १२ जून

आमवातासाठी त्या आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेतात.

दवाखाना_बंद | १२ जून

मग माझ्या दृष्टीने प्रश्न संपला. या औषधाने रोगप्रतिकारशक्ती उतरते. चिंगी त्यांच्या हातून बिस्कीट खाते, म्हणजे त्यांचे हातही चाटत असणार. आपण सगळे त्यांचा विरोध सोवळ्यात मोजत होतो. त्या घरात कच्चे मांस न आणण्याला वैद्यकीय कारणही आहे. लहान मूल, गरोदर स्त्री, कर्करोगाचे उपचार घेणारी व्यक्ती किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे ज्येष्ठ घरात असतील तर मी कच्च्या आहाराला सरळ नाही म्हणतो.

तिरफळ | १२ जून

याबाबतीत मी डॉक्टरांशी सहमत आहे. माझ्या घरी आम्ही दोघेच असतो, हे मी आधीच लिहायला हवे होते.

अबोली_ठाणे | १४ जून

मला एक कबुली द्यायची आहे. धागा काढण्याच्या दोन दिवस आधी मी मैत्रिणीच्या सांगण्यावरून चिंगीला कोंबडीची एक मान देऊन पाहिली होती आणि ते इथे लिहायला मला संकोच वाटला.

गॅलरीत वर्तमानपत्र पसरून मान त्यावर ठेवली. तिने आधी दोनदा चाटली, मग पंजाने कागदाबाहेर ढकलली आणि मी वाकून ती पुन्हा आत घ्यायला हात पुढे केला मात्र, तिला वाटले की मी काढूनच घेते आहे. तिने ती उभीच्या उभी गिळली. चावल्याचा आवाजसुद्धा आला नाही. मान पुढे ताणून, डोळे मोठे करून ती दोन-तीन सेकंद नुसती उभी राहिली. तेवढ्यात माझे हातपाय गार पडले. रात्री साडेतीनला तिने ती तशीच अखंड ओकून टाकली, मणक्यांवर जेमतेम पांढुरकी साय आल्यासारखी झाली होती. मैत्रीण म्हणाली, कच्ची हाडे मऊ असतात, काही होत नाही.

दवाखाना_बंद | १४ जून

शिजवलेले हाड फुटून त्याच्या सळ्या होतात, म्हणून ते कधीच देऊ नये. कच्चे हाड त्या मानाने लवचीक असते, हे खरे. पण ५ किलोच्या कुत्रीच्या अन्ननलिकेच्या मानाने मान हा लहान तुकडा नाही. ती छातीत हृदयाच्या वरच्या बाजूला अडकली असती तर दुर्बिणीने काढावी लागली असती. ओकली हे नशीब. काढून घेतल्याच्या भीतीने गिळणे हे अगदी नेहमीचे कारण आहे. खाणाऱ्या कुत्र्याच्या तोंडापुढे हात नेऊ नये.

यारेकाठी | १५ जून

थोडी भर घालते. शंका अन्नाच्या अ‍ॅलर्जीची असेल तर कच्चे की शिजवलेले याने फरक पडत नाही, प्रथिन कोणते याने पडतो. त्वचेवर दिसणाऱ्या अन्नाच्या अ‍ॅलर्जीचा २०१६ साली जो आढावा प्रसिद्ध झाला त्यात २९७ कुत्र्यांपैकी ३४ टक्क्यांना बीफ, १७ टक्क्यांना दुग्धजन्य पदार्थ, १५ टक्क्यांना कोंबडी आणि १३ टक्क्यांना गहू सोसत नव्हता. चिंगीची तीन खाद्ये बदलली, पण तिन्हींत कोंबडीच असेल तर खाद्य बदललेच नाही असे समजावे. पाकिटांच्या मागची यादी वाचून पाहा. आणि दुधातल्या बिस्किटात दूध आणि गहू दोन्ही आले.

अबोली_ठाणे | १५ जून

तिन्हींत कोंबडीच आहे. एकावर बकऱ्याचे चित्र आहे, पण यादीत पहिला घटक कोंबडीच.

अबोली_ठाणे | १७ ऑगस्ट

दोन महिन्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

शीच्या दुसऱ्या नमुन्यात जिआर्डिया निघाला, पहिला स्वच्छ होता. पाच दिवस औषध दिले. डॉक्टरांनी शेवटच्या दिवशी तिला आंघोळ घालायला सांगितली, कारण केसांना चिकटलेले कण चाटून लागण पुन्हा होते. अंथरुणे उकळत्या पाण्यातून काढली आणि पावसाळ्याच्या डबक्यातले पाणी पिण्यावर कडक बंदी आणली. चिकट शी तीन आठवड्यांत थांबली. स्वादुपिंडाची आणि गोचीडतापाची चाचणी ठीक आली. रात्री साडेदहाला दोन चमचे जेवण सुरू केल्यापासून पहाटेचा फेस महिन्यात एकदाच आला.

गुरगुर मात्र राहिली होती. म्हणून आहारशास्त्राचे विशेष शिक्षण घेतलेल्या पशुवैद्यांकडून घरच्या शिजवलेल्या जेवणाचे प्रमाण लिहून घेतले. सुरुवातीला बोकडाचे मटण आणि भात एवढेच, तीन आठवडे, दुसरे काहीही नाही, बिस्कीट तर नाहीच. किलोला ८०० रुपयांच्या आसपासचे मटण कुत्रीला शिजवताना जीव कासावीस झाला, पण दहाव्या दिवशी पोट शांत झाले. मग कोंबडी परत देऊन पाहिली आणि आश्चर्य म्हणजे काही झाले नाही. दूध दिले त्या रात्री गुरगुर परत आली. म्हणजे आम्ही ज्या कोंबडीवर संशय घेत होतो ती निर्दोष निघाली.

आता रोजचे प्रमाण साधारण असे आहे: कातडी आणि हाडे काढलेली मांडीची कोंबडी, कच्ची असताना ११० ग्रॅम, ती बिनमिठाची, बिनफोडणीची उकडून, शिजलेला भात ९० ग्रॅम, उकडलेला लाल भोपळा दोन चमचे, एक चमचा तेल, आणि डॉक्टरांनी दिलेली जीवनसत्त्वे-खनिजांची भुकटी. हे तिच्यासाठी लिहिलेले आहे, कोणी जसेच्या तसे उचलू नये. जुन्या खाद्यावरून यावर यायला आम्ही चोवीस दिवस घेतले. तिरफळ, चमचा आणि दोन दिवस थांबण्याचा तुमचाच नियम पाळला. शिजवलेल्यालाही तो लागू पडला. वजन ५.१ किलो आहे.

श्रावणाची तोड अशी निघाली की कोंबडी गॅलरीत इंडक्शनवर वेगळ्या पातेल्यात शिजते आणि आठवड्याचे डबे एकदाच भरून गोठवले जातात. भोपळा मात्र सासूबाई आतल्या शेगडीवर स्वतः उकडतात.

गोरखचिंच | १७ ऑगस्ट

हाडे नाहीत, मग कॅल्शियमचे काय? अंड्याचे टरफल चालेल का?

हिशेबनीस | १७ ऑगस्ट

चालते आणि ते घालणे आवश्यकच असते, कारण हाड नसलेल्या मांसात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस पंधरा-वीस पट असतो. अशा जेवणावर महिनोन्महिने ठेवलेल्या कुत्र्याचे शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढून घेते आणि हाडे ठिसूळ होतात. टरफले उकळून, वाळवून, मिक्सरमधून पिठासारखी बारीक केली तर १ ग्रॅम भुकटीत साधारण ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. चिंगीएवढ्या कुत्रीला दिवसाला ते जवळपास पुरते. मात्र जस्त, तांबे, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व टरफलातून मिळत नाही, म्हणून नुसत्या टरफलावर भागत नाही. तयार भुकटीत कॅल्शियम आधीच असेल तर टरफल वरून घालू नये.

गोरखचिंच | १८ ऑगस्ट

एक ग्रॅम मोजायचे कसे? आमचा स्वयंपाकघरातला काटा पाच ग्रॅमच्या खाली हलतच नाही.

अबोली_ठाणे | १८ ऑगस्ट

सोनाराकडे असतो तसा खिशात मावणारा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो, आम्ही चिंगीच्या भुकटीसाठी तोच घेतला. परवा नारळीभाताच्या वेळी सासूबाईंनी त्यावर केशर मोजले.